वालचंदनगरच्या रॉकेटपासून इंजेक्शनच्या सिरिंजपर्यंत: प्रयोगांच्या 'शो'मधून फिजिक्स खरंच कळतं का?

पाणी किती अंशांना उकळतं? शाळेत गेलेला कुणीही झोपेतसुद्धा सांगेल, १०० अंश सेल्सिअस.

आता हा प्रयोग बघा. मेडिकलमधून सुई नसलेली २० मिलीची प्लॅस्टिकची सिरिंज आणायची. पाणी एकदा चांगलं उकळून ६०-६५ अंशांपर्यंत निवू द्यायचं आणि त्यातलं थोडंसं सिरिंजमध्ये ओढून घ्यायचं. आत राहिलेली हवा टोकातून बाहेर काढायची, टोकावर बोट घट्ट दाबायचं आणि दट्ट्या जोर लावून मागे खेचायचा. पाण्यात भराभर बुडबुडे येतात. ६५ अंशांचं पाणी चक्क उकळायला लागतं. दट्ट्या सोडला की उकळणं बंद, परत खेचला की परत सुरू.

वर्गात हे दाखवलं की पोरं ओरडतात. फिजिक्स शिकवण्याची एक अख्खी पद्धत या ओरडण्यावर उभी आहे. इंग्रजीत तिला लेक्चर डेमॉन्स्ट्रेशन म्हणतात. आपल्याकडे कुणी प्रात्यक्षिक म्हणतं, कुणी विज्ञानजत्रा, कुणी सरळ सायन्स शो. युट्यूब आणि रील्समुळे हा प्रकार आता मोबाईलवरही पोहोचलाय. खिळ्यांच्या फळीवर झोपणारे प्रोफेसर, आपोआप चेपणारे डबे, हवेत तरंगणारे मॅग्नेट, असे व्हिडिओ तुम्हीही शेअर केले असतील.

पण टाळ्या पडल्या म्हणजे विषय कळला, असं असतं का? यावर जगभरात बराच अभ्यास झालाय आणि त्याचं उत्तर शो करणाऱ्यांना फारसं आवडणारं नाही. तिकडे जाण्याआधी सिरिंजमधलं पाणी का उकळलं ते बघू. त्यासाठी इंदापूर तालुक्यात जावं लागेल.

गुऱ्हाळातली काहील आणि कारखान्यातला पॅन

बारामती आणि इंदापूरच्या मधे, नीरेच्या खोऱ्यात वालचंदनगर आहे. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९३० च्या दशकात कळंबच्या माळावर साखर कारखाना उभारला आणि त्याभोवती हे गाव वसलं. भारतातला पहिला विमान कारखाना आणि विशाखापट्टणमची गोदी यांच्या मागेही हेच वालचंद होते. आजही हा सगळा पट्टा उसाचा आहे.

इथल्या कुठल्याही पोराने दोन गोष्टी पाहिलेल्या असतात, गुऱ्हाळ आणि साखर कारखाना. दोन्हीकडे उसाचा रस आटवतात. मग एकीकडे तपकिरी गूळ आणि दुसरीकडे पांढरी साखर का? त्यात शुद्धीकरणाचा मोठा वाटा आहे, पण दुसरा महत्त्वाचा भाग तापमानाचा आहे. गुऱ्हाळातली काहील उघडी असते. रस आटत जातो तसा त्याचा उत्कलनबिंदू वर चढतो आणि गूळ तयार होताना तापमान ११५ अंशांच्या पुढे गेलेलं असतं. एवढ्या उष्णतेला साखर करपायला लागते, रंग धरते. गुळाला ते चालतं, किंबहुना गुळाची चव त्यातच आहे. साखरेला चालत नाही.

म्हणून कारखान्यात शेवटचं उकळणं बंद भांड्यात होतं. त्याला व्हॅक्यूम पॅन म्हणतात. पंप लावून आतली हवा आणि वाफ ओढून घेतात, दाब उतरतो आणि पाक ६० ते ७० अंशांच्या आसपासच उकळतो. पाणी निघून जातं, दाणा बसतो आणि साखर करपत नाही. एडवर्ड चार्ल्स हॉवर्ड या इंग्रज माणसाने १८१३ मध्ये या पॅनचं पेटंट घेतलं होतं. जगभरचे साखर कारखाने आजही याच तत्त्वावर चालतात.

सिरिंजमध्येही हेच होतं. पाण्याचे रेणू कायम बाहेर पडायला धडपडत असतात. वरून हवेचा दाब त्यांना दाबून धरतो. १०० अंशांना रेणूंची धडपड हवेच्या दाबाच्या बरोबरीला येते, म्हणून तिथे पाणी उकळतं. ६५ अंशांना ही धडपड हवेच्या दाबाच्या साधारण पाव पट असते. म्हणजे वरचा दाब पाव पटीच्या खाली उतरवला की काम झालं. दट्ट्या खेचून आपण तेवढंच करतो. एव्हरेस्टच्या माथ्यावर दाब समुद्रसपाटीच्या एक तृतीयांशाच्या जवळपास असतो, त्यामुळे तिथे पाणी ७० अंशांच्या आसपास उकळतं आणि डाळ काही शिजत नाही. प्रेशर कुकर म्हणजे याच्या बरोबर उलट.

पाणी आधी उकळून घ्यायला का सांगितलं? साध्या पाण्यात हवा विरघळलेली असते. दाब कमी केला की तीही बुडबुड्यांच्या रूपात बाहेर येते. एखाद्या हुशार पोराने "सर, ही तर हवा आहे" म्हटलं, तर सरांकडे उत्तर हवं. आधी उकळलेल्या पाण्यातली बरीचशी हवा निघून गेलेली असते, त्यामुळे ही शंका मिटते. बहुतेक व्हिडिओंमध्ये ही पायरी नसते.

हार्वर्डमध्ये काय दिसलं?

आता मूळ प्रश्न. एरिक मझूर हे हार्वर्ड विद्यापीठात फिजिक्सचे प्राध्यापक. २००४ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स'मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. वर्गातली प्रात्यक्षिकं ही शिकण्याची साधनं आहेत की करमणूक, हा प्रश्न त्यांनी शीर्षकातच विचारला होता.

त्यांनी विद्यार्थ्यांचे चार प्रकार केले. पहिल्यांना प्रयोग दाखवलाच नाही. दुसऱ्यांनी नेहमीसारखा नुसता बघितला आणि सरांचं स्पष्टीकरण ऐकलं. तिसऱ्यांना आधी विचारलं, "काय होईल सांगा", उत्तर नोंदवून घेतलं आणि मग प्रयोग केला. चौथ्यांनी अंदाज नोंदवला, प्रयोग पाहिला आणि मग आपसात चर्चाही केली. काही आठवड्यांनी सगळ्यांना त्याच प्रयोगांवर प्रश्न विचारले.

प्रयोगात काय घडेल हे बरोबर सांगणारे असे निघाले: न बघणाऱ्यांपैकी ६१ टक्के, नुसते बघणाऱ्यांपैकी ७० टक्के, अंदाज बांधणाऱ्यांपैकी ७७ टक्के आणि चर्चा करणाऱ्यांपैकी ८२ टक्के. खरी गंमत पुढे आहे. ते का घडतं, हे बरोबर सांगणारे किती? न बघणारे २२ टक्के आणि नुसते बघणारे २४ टक्के.

म्हणजे शो बघितला काय आणि नाही बघितला काय, कारण समजण्याच्या बाबतीत जवळपास काहीच फरक पडला नाही. अंदाज बांधायला लावल्यावर हा आकडा ३० वर गेला आणि चर्चेनंतर ३२ वर. त्यासाठी वेळ किती लागला? नुसत्या प्रयोगाला सरासरी ११ मिनिटं, अंदाजासकट १३ मिनिटं, चर्चेसकट २१ मिनिटं. दोन मिनिटं जास्तीची देऊन 'काय होईल?' एवढं विचारलं, तरी बराचसा फायदा पदरात पडतो. शाळेच्या ३५ मिनिटांच्या तासात हा हिशेब महत्त्वाचा आहे.

३२ टक्के हा काही ढोल वाजवण्यासारखा आकडा नाही, हेही इथे म्हणायला हवं. चांगल्यात चांगल्या पद्धतीनेही दोन तृतीयांश मुलांना कारण सांगता आलं नाही. आणि ही हार्वर्डची मुलं होती.

२०१३ मध्ये याच गटाने आणखी एक गोष्ट तपासली. विद्यार्थ्यांना प्रयोग दाखवला आणि नंतर फक्त 'काय दिसलं?' एवढंच विचारलं. पाचपैकी साधारण एक उत्तर प्रत्यक्षात घडलेल्या गोष्टीशी जुळत नव्हतं. डोळ्यांसमोर एक घडलं आणि डोक्यात दुसरंच गेलं. ज्यांना प्रयोगामागची संकल्पना आधीपासून कळलेली होती, त्यांच्याकडून अशी चूक कमी झाली. माणूस आपल्या समजुतीला सोयीचं तेवढं बघतो, हे कोर्टातल्या साक्षीदारांबद्दल आपण ऐकलेलं असतं. फिजिक्सच्या वर्गातही तसंच होतं.

बुवा आणि सर यांच्यात फरक काय?

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. इथे लाईव्ह डेमो करणाऱ्यांची एक परंपरा आहे आणि तिचा उगम शाळेत नाही. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गावोगाव 'चमत्कार सादरीकरण' करत आलेत. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ मध्ये समितीची स्थापना केली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला.

या सादरीकरणातला खिळ्यांच्या फळीचा प्रयोग घ्या. ६० किलोचा माणूस एका खिळ्यावर उभा राहिला तर पायातून खिळा आरपार जाईल. तोच माणूस फळीवर आडवा झाला आणि त्याच्या अंगाखाली ६०० खिळे आले, तर एका खिळ्यावर सरासरी १०० ग्रॅम भार येतो. कातडी फाटायला तो पुरत नाही. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. उसाच्या ओल्या रानात रुंद टायरचा ट्रॅक्टर चालतो आणि मोटारसायकल रुतते, ती याच सूत्राने. (फळीवर झोपण्यापेक्षा आडवं होताना आणि उठताना धोका जास्त असतो, कारण तेव्हा सगळा भार मोजक्या खिळ्यांवर येतो. म्हणून हा घरी करायचा प्रयोग नाही.) निखाऱ्यांवरून चालण्याचंही तसंच. कोळशातून उष्णता सावकाश वाहते आणि पाऊल क्षणभरच टेकतं. रेंगाळलं की भाजतं.

बुवा आणि कार्यकर्ता एकच प्रयोग करतात. प्रेक्षकांचा 'आ' तेवढाच मोठा असतो. बुवा तिथेच थांबतो, कारण त्याचा धंदा त्या 'आ'वर चालतो. कार्यकर्ता पुढे कारण सांगतो, गर्दीतल्या कुणाला तरी पुढे बोलावून तेच करायला लावतो. फिजिक्सचा शो टाळ्यांवर संपत असेल, तर तो कुणाच्या जास्त जवळ गेला, हे वेगळं सांगायला नको.

कचऱ्यातून प्रयोगशाळा

'आमच्या शाळेत लॅबच नाही' हे उत्तर शिक्षकांकडून नेहमी मिळतं. त्यावर पुण्यातून एक उत्तर आलं. अरविंद गुप्ता मूळचे बरेलीचे, आयआयटी कानपूरचे इंजिनियर आणि पुण्यात टेल्कोमध्ये नोकरीला. १९७८ मध्ये वर्षभराची रजा टाकून ते मध्य प्रदेशात होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. हा कार्यक्रम १९७२ मध्ये १६ सरकारी शाळांमध्ये सुरू झाला होता. मुलांनी विज्ञान करून शिकायचं, हा त्याचा गाभा. तिथे गुप्तांनी आठवडी बाजारात मिळणाऱ्या वस्तूंमधून खेळणी बनवायला घेतली. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काड्यापेटीतल्या काड्या जोडून त्यांनी भूमितीचे आकार उभे केले.

पुढे २००३ पासून ११ वर्षं ते पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत होते. जयंत नारळीकरांनी घडवलेल्या या संस्थेत शाळकरी मुलांसाठी हा कोपरा पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून उभा राहिला. इमारतीचं नाव 'पुलस्त्य'. सप्तर्षींमधला एक तारा, आणि त्यात पुलंही आलेच. आयुकात महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांसाठी प्रात्यक्षिकांसह व्याख्यानंही होत आली आहेत. गुप्तांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांची पुस्तकं आणि शेकडो छोटे व्हिडिओ इंटरनेटवर फुकट आहेत, मराठीतही.

त्यांच्या खेळण्यांमध्ये एक साधी मोटर आहे. एक सेल, दोन सेफ्टी पिना, एक छोटं मॅग्नेट आणि इनॅमल चढवलेल्या तांब्याच्या तारेचं वेटोळं. वेटोळ्याची दोन टोकं पिनांच्या भोकांत टेकवली की ते गरगर फिरतं. खरी गोम तार खरवडण्यात आहे. एक टोक सगळीकडून खरवडायचं, दुसरं मात्र फक्त अर्ध्या बाजूने. दोन्ही पूर्ण खरवडली तर वेटोळं बहुतेक वेळा थरथरून थांबतं, कारण पहिल्या अर्ध्या फेरीत मिळालेला धक्का दुसऱ्या अर्ध्या फेरीत उलटा बसतो. अर्धं इनॅमल ठेवलं की उलट्या धक्क्याच्या वेळी करंटच बंद होतो. पाठ्यपुस्तकात जिथे 'दिक्‌परिवर्तक' हा शब्द येतो आणि पोरं पान उलटतात, ते काम इथे खरवडायच्या राहिलेल्या इनॅमलने केलेलं असतं. पहिल्या वेळी मोटर फिरली नाही तर उत्तमच. न फिरणाऱ्या मोटरीवर मुलं जेवढा वेळ डोकं लावतात, तेवढा फिरणाऱ्या मोटरीवर लावत नाहीत.

रॉकेट हवेला ढकलतं का?

परत वालचंदनगर. साखरेपासून सुरुवात झालेल्या इथल्या कारखान्यात पुढे साखर आणि सिमेंट उद्योगाची यंत्रं बनू लागली आणि नंतर इस्रोच्या रॉकेटचे भागही. वालचंदनगर इंडस्ट्रीजने एसएलव्ही-३ च्या काळापासून रॉकेट मोटरींची आवरणं बनवली आहेत. १४ जुलै २०२३ ला चांद्रयान-३ घेऊन उडालेल्या एलव्हीएम-३ रॉकेटच्या दोन्ही बाजूंना जे जाडजूड एस-२०० बूस्टर दिसतात, त्यांचे भागही या कंपनीने पुरवले होते. एका बूस्टरचा व्यास ३.२ मीटर, पोटात २०० टनांहून जास्त घन इंधन. ते साधारण दोन मिनिटांत जळून जातं, म्हणजे सेकंदाला सरासरी दीड टन वायू खालच्या तोंडातून बाहेर.

यावर वर्गात करायचा प्रयोग सगळ्यांना माहीत आहे. खोलीत दोरा ताणायचा, त्यात स्ट्रॉ ओवायची, स्ट्रॉला फुगवलेला फुगा चिकटवायचा आणि तोंड सोडायचं. फुगा सूं करत पळतो, पोरं हसतात, सर 'न्यूटनचा तिसरा नियम' म्हणतात आणि तास संपतो. हार्वर्डच्या भाषेत हा दुसरा गट, २४ टक्केवाला.

हाच प्रयोग वेगळ्या पद्धतीने करता येतो. आधी विचारा, "ही खोली पूर्ण निर्वात केली, तर हा फुगा जोरात जाईल, हळू जाईल की जाणारच नाही?" हात वर करायला लावा, फळ्यावर आकडे लिहा. बरीच मुलं 'जाणारच नाही' म्हणतील, कारण ढकलायला मागे हवाच नाही. त्यांना हसू नका. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने जानेवारी १९२० च्या अग्रलेखात हीच चूक केली होती. रॉबर्ट गोडार्ड या रॉकेट संशोधकाला शाळेत शिकवतात तेवढंही ज्ञान नाही, असा टोमणा त्यात मारला होता. पेपरने चूक दुरुस्त केली ती १७ जुलै १९६९ ला, अपोलो-११ चंद्राकडे निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी.

रॉकेट हवेला ढकलत नाही. ते आपल्याच पोटातला वायू मागे फेकतं आणि तो वायू रॉकेटला पुढे ढकलतो. चाकं लावलेल्या पाटावर बसून समोर जड पिशवी फेका, तुम्ही मागे सरकता. पिशवी भिंतीवर आपटली की नाही, याच्याशी तुमच्या सरकण्याचा संबंध नसतो. उलट हवा म्हणजे रॉकेटला अडथळाच. फुग्याच्या प्रयोगाआधी मुलांनी जे मत नोंदवलं होतं, ते आता त्यांना स्वतःच खोडावं लागतं. तेवढ्यासाठी फळ्यावरचे आकडे पुसायचे नाहीत.

बादली, सेंट्रिफ्यूगल आणि एक जुना घोळ

पाण्याची बादली डोक्यावरून गोल फिरवायची, पाणी सांडत नाही. का? दहापैकी आठ जण म्हणतील, 'केंद्रापसारक बल पाण्याला बाहेर दाबून धरतं'. बादलीसोबत फिरणाऱ्या मुंगीच्या नजरेतून हे उत्तर चालेल. अंगणात उभं राहून बघणाऱ्यासाठी मात्र कारण वेगळं आहे. बादली सर्वात वर असताना पाणी खाली पडतच असतं, पण गोल वळणासाठी बादलीलाही खाली यावं लागतं आणि ती पाण्याच्या पडण्यापेक्षा वेगाने खाली वळते. पाण्याला बादली सोडून जायला उसंतच मिळत नाही. खांद्यापासून बादलीतल्या पाण्यापर्यंत अंतर १ मीटर असेल, तर एक फेरी २ सेकंदांच्या आत पूर्ण करायला हवी. त्याहून हळू गेलात तर आंघोळ नक्की.

साखर कारखान्यात पॅननंतर हीच बादली भेटते, फक्त तिला भोकं असतात. दाणा आणि मळी यांचं घट्ट मिश्रण जाळीदार पिंपात ओततात आणि पिंप मिनिटाला हजाराहून जास्त वेळा फिरवतात. पिंपाच्या कडेवर गुरुत्वाकर्षणाच्या शेकडो पट जोर तयार होतो, मळी जाळीतून निघून जाते आणि साखर आत राहते. घरातल्या वॉशिंग मशीनचा ड्रायर याचाच धाकटा भाऊ.

हे बघायचं कुठे?

या भागातल्या शाळांसाठी सर्वात जवळचं ठिकाण बारामतीचं. तिथे अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या आवारात विज्ञान आणि नाविन्यता केंद्र आहे. जून २०२२ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. पुण्यात आयुकाची विज्ञान शोधिका आहे. मुंबईत चुनाभट्टीला मराठी विज्ञान परिषदेचं विज्ञान भवन आणि वरळीला नेहरू विज्ञान केंद्र. २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाला अनेक संशोधन संस्था सामान्य लोकांसाठी दारं उघडतात. सहल नेणाऱ्या शिक्षकांसाठी एकच सूचना, बटण दाबायच्या आधी पोरांना अंदाज वहीत लिहायला लावा.

घरी करून बघायला सिरिंज, फुगा आणि मोटर चालतील. गरम पाणी हाताळताना मोठं माणूस सोबत हवं. छोटी ताकदवान मॅग्नेट लहान मुलांच्या हाती देऊ नका, दोन गिळली गेली तर आतड्यात एकमेकांना चिकटून ऑपरेशनची वेळ येते. द्रवरूप नायट्रोजन, पारा आणि घरच्या सॉकेटमधल्या विजेचे प्रयोग रील्समध्ये कितीही भारी दिसले तरी तिथेच राहू द्या.

आणि ज्यांच्या गावाकडच्या घरात अजून जुना, गोल चकती फिरणारा वीज मीटर आहे, त्यांनी तो एकदा काचेतून नीट बघावा. चकती अॅल्युमिनियमची असते. तिच्या एका कडेला एक कायमचुंबक बसवलेला असतो. अॅल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही, मग तो तिथे कशासाठी? अंदाज बांधा, मग तांब्याच्या किंवा अॅल्युमिनियमच्या सरळ पाइपमधून एक छोटं ताकदवान मॅग्नेट खाली सोडून बघा. ते दगडासारखं धपकन पडत नाही, रमतगमत उतरतं. चुंबक हलला की धातूत करंटचे भोवरे तयार होतात आणि ते त्या हालचालीलाच विरोध करतात. मीटरमध्ये चुंबक जागेवर असतो आणि चकती फिरते, पण ब्रेक तोच. तो नसता तर चकतीचा वेग तुमच्या वीजवापराच्या प्रमाणात राहिला नसता आणि बिलाचा आकडाही भलताच आला असता.